वाईट बॉल टाकणारी थोरली

आमच्या दादाने आधी सेटर निवडली आणि मग बायको केली. हा टोमणा नाही, घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. तो इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळायचा आणि थोरली वहिनी तेव्हा घडीच्या टेबलावर नवीन लागली होती. घड्या घातलेल्या चादरींचे गठ्ठे वरच्या फळीवर चढवायला शिडी होती, पण शिडी ओढत आणायचा हिला कंटाळा. ही खालूनच दोन्ही हातांनी गठ्ठा वर सोडायची आणि तो फळीवर अलगद, घडी न मोडता जाऊन बसायचा. पाळी संपवून निघालेला दादा ते बघत दारात उभा राहिला. दुसऱ्याच दिवशी त्याने तिला धुलाईघराच्या व्हॉलीबॉल संघात घेतलं, आणि वर्ष सरायच्या आत मी तिला वहिनी म्हणायला लागले.

सेटर म्हणजे दुसरा बॉल जिचा, ती. समोरून आलेला बॉल माझ्यासारखी कुणीतरी जमिनीवर लोळून काढते, सेटर तो नेटजवळ उंच, हव्या त्या जागी चढवून देते आणि स्मॅशर उडी मारून तो हाणते. टाळ्या हाणणारीला पडतात. थोरलीला त्याचंही वाईट वाटायचं, पण ते ती बोलूनही दाखवायची. तिचा तो गुणच म्हणा. जळणारी माणसं पुष्कळ पाहिलीत मी, बहुतेक वरून गोड आणि आतून कडू. थोरली सरळ सांगायची. शेजारणीने नवे पडदे लावले की ही दारात उभी राहून म्हणायची, "मला बघवत नाहीयेत तुमचे पडदे." माझी इस्त्रीच्या मोठ्या मशीनवर बढती झाली तेव्हा हिने मला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "वन्सं, आज रात्री मला झोप नाही यायची." आणि खरंच आली नाही, सकाळी डोळे लाल होते.

दादा संघाला शिकवायचा. त्याचं एक तंत्र होतं. सुटे सुटे व्यायाम त्याला पटत नसत. तो म्हणायचा, खेळ तोच ठेवायचा, मोजायचं काय तेवढं बदलायचं. म्हणजे सराव सामना नेहमीसारखा सहा-सहा जणींचा, पण मधल्या स्मॅशरला तयार करायचं असेल तर त्या दिवशी फक्त मधून मारलेल्या बॉलचाच पॉइंट धरायचा. बाकी कुठूनही मारा, टाळ्या मिळतील, पॉइंट नाही. मग सगळा संघ आपोआप मधलीला बॉल देण्यासाठी धडपडायचा, आणि समोरचा संघ तिलाच अडवण्यासाठी. माझ्यासाठीही त्याने खेळ केला होता. मी लिबेरो, वेगळ्या रंगाचा शर्ट घालून मागच्या फळीत वावरणारी. मी काढलेला बॉल सेटरला एकही पाऊल न हलता मिळाला, तर आमच्या बाजूला दोन पॉइंट. त्या महिन्यात माझी कोपरं सोलून निघाली, पण मी सुधारले. ब्लॉकवाल्यांचा खेळ झाला, सर्व्हिसवाल्यांचा झाला. फक्त सेटरचा खेळ दादाने कधी केला नाही. त्याची बायको सेटर, तिला काय शिकवायचं? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, त्यातला प्रकार. थोरली हे मनात धरून होती. दर नव्या खेळाच्या दिवशी बूट बांधताना ती मला विचारायची की आज कुणाचं लग्न आहे, आणि मी नाव सांगितलं की म्हणायची, "आम्ही आपल्या कायमच्या वाढपी."

मग माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं. तो धुलाईघराची गाडी चालवतो. त्याने बायको आणली ती दुसऱ्या गावच्या क्लबची सेटर. कानामागून आली आणि तिखट झाली, हे मी थोरलीचं वाक्य उसनं घेऊन सांगतेय. धाकटीचे पाय लांब, केस कमरेपर्यंत, आणि वागणं असं की बोट ठेवायला जागा नाही. थोरलीला ताई म्हणायची, सकाळी आधी उठायची, स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय डबासुद्धा हलवायची नाही. तिने जरा उर्मटपणा केला असता तर आम्हा सगळ्यांनाच सोपं गेलं असतं. मीही काही संत नाही, त्या केसांकडे बघून माझ्याही पोटात दुखायचं.

धुलाईघरातही ती लागली, आणि मुकादमाने तिला नेमकं थोरलीच्या समोर उभं केलं. मोठी चादर दोघींनी धरायची, दोन टोकं हिच्याकडे, दोन तिच्याकडे, ताणून झटकायची, मग जवळ येऊन टोकाला टोक लावायचं. थोरली अशी झटकायची की धाकटीच्या हातातून टोकं निसटायची. धाकटी वाकून उचलायची आणि म्हणायची, चुकले ताई. दिवसभर हेच. मी इस्त्रीच्या मशीनवरून बघत होते आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

दरवर्षीच्या चषकाच्या सामन्यांना महिना-दीड महिना राहिला असताना दादाने सरावाच्या जागी सगळ्यांना बोलावलं. आमची जागा म्हणजे जुन्या वाळवणघराची लांब शेड. एका बाजूला बंद पडलेले पाइप आहेत, म्हणून तिकडे खडूची रेघ मारलेली असते. रेघेपलीकडे गेलेला बॉल मेलेला, त्यामागे धावायचं नाही, नाही तर डोकं फुटेल. दादा म्हणाला, यंदा सेटरचा खेळ करायचा आहे. थोरली माझ्या शेजारी होती. तिने पाठ ताठ केली ती मला कळली. मग दादा म्हणाला की धाकटीचा हात चांगला आहे, पाय तर फारच चांगले आहेत, पण ती चांगल्या बॉलवर वाढलेली आहे. डोक्यावर आयता आलेला बॉल ती सुरेख चढवते, वाकडातिकडा आला की गडबडते. तेव्हा हा खेळ तिच्यासाठी. रोजचा सामना चालेल, पण त्याचे पॉइंट धरायचे नाहीत. बॉल मेला की लगेच रेघेजवळून तिच्या बाजूला दुसरा बॉल पडेल, मुद्दाम वाईट टाकलेला. तो तिने चढवला आणि स्मॅशरने मारला तरच पॉइंट. बॉल कोण टाकणार, असं कुणीतरी विचारलं.

"थोरली टाकेल," दादा म्हणाला. "वाईट बॉल कसा असतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत नाही. चषकापर्यंत धाकटीला हे जमलं तर ती खेळेल. नाही जमलं तर थोरली आहेच."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते याला. मला वाटलं, बॉयलरच्या वाफेने आमच्या दादाचं डोकं मऊ झालंय. धाकटी हरावी अशी जिची इच्छा, तिलाच परीक्षक नेमायचं? त्या संध्याकाळी घरात कुणी कुणाशी बोललं नाही. आमच्या तीन खोल्या, मधल्या भिंती फळ्यांच्या, त्यामुळे न बोललेलंही ऐकू येतं. थोरलीने भांडी घासली ती अशी, की धाकटा भाऊ दोनदा येऊन काय पडलं म्हणून विचारून गेला.

दुसऱ्या दिवसापासून थोरली ट्रॉलीपाशी उभी राहिली. चादरींची जुनी ट्रॉली, एक चाक कुरकुरणारं, त्यात सगळे बॉल. रेघेकडे आलेला मेलेला बॉलही तीच धरून परत ट्रॉलीत टाकायची. आधीचे दोन-तीन दिवस तिने नुसते लांब टाकले. धाकटी पळून पोचायची. मग थोरलीने डोकं चालवायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत तिच्या वाट्याला आलेला प्रत्येक घाणेरडा बॉल तिला पाठ होता. नेटमध्ये अडकून सरळ खाली घसरणारा. गिरकी घेत येणारा, जो बोटांना लागला की निसटतो. डोक्यामागून, उजेड डोळ्यांत असताना येणारा. आणि त्यातले निम्मे माझे होते. मी जमिनीवरून जसे काढून तिला द्यायचे, अगदी तसे, हुबेहूब. "हा वन्संचा पहिल्या वर्षाचा," असं म्हणून ती टाकायची आणि बायका हसायच्या. मला हसू येत नव्हतं.

धाकटी पडली, आपटली, तिची नखं मोडली. तिने केस कापले. मला बरं वाटलं आणि लगेच लाजही वाटली, कारण कापलेले केसही तिला शोभत होते. एकदा ती शेडच्या कोपऱ्यात तोंड धूत रडत होती, तेव्हा थोरलीने मला जवळजवळ आनंदाने सांगितलं की आता दोन दिवसांत ही आपण होऊन सोडेल. पण ती सोडेना. एक बॉल जमला की थोरली त्याहून वाईट शोधून काढायची. रात्री जेवताना तिचे हात ताटाशेजारी बॉल फिरवायचे. घडीच्या टेबलावर चादर झटकता झटकता ती एकदम थांबायची आणि तिला काहीतरी सुचल्याचं मला दिसायचं. तिने आयुष्यात दुसऱ्या कशाचा इतका विचार केला नसेल. आणि समोर धाकटी, टोकं हातातून निसटू न देता, तिच्याकडे टक लावून बघत असायची. चादरी आता निसटत नव्हत्या.

शेवटी थोरली रेघेवर आली. बॉल रेघेच्या अलीकडे वीतभर, मग रेघेवर, मग पलीकडे. पलीकडचा मेलेला, असं मी ओरडले. धाकटीने ऐकलंच नाही. ती धावत रेघ ओलांडून ट्रॉलीपर्यंत आली आणि थोरलीच्या छातीसमोरून, तिचा हात लागेल इतक्या जवळून तो बॉल उचलून मागे, नेटच्या टोकाला चढवला. स्मॅशरने मारला. सगळ्या जणी ओरडल्या. धाकटी ट्रॉलीला धरून धापा टाकत होती, आणि दोघींचे चेहरे एकमेकींसमोर होते. थोरली तेवढी हसली नाही, ओरडली नाही. तिने पुढचा बॉल घेण्यासाठी हात घातला, पण ट्रॉली रिकामी होती.

दादाने त्याच संध्याकाळी सांगितलं की चषकात धाकटी खेळेल. फळ्यांच्या भिंतीतून मला पुढचं ऐकू आलं. थोरली विचारत होती की बॉल टाकायला तिलाच का उभं केलं. दुसऱ्या कुणाला का नाही?  दादाने खरं ते सांगितलं, आणि त्याला खोटं बोलता येत असतं तर बरं झालं असतं.

"दुसरी कुणी असती तर तिला दया आली असती," तो म्हणाला. "तुला येणार नव्हती."

"म्हणजे माझ्या जळण्यावर तुम्ही पोळी भाजून घेतलीत," थोरली म्हणाली. "इतकी वर्षं माझ्यासाठी एक खेळ केला नाहीत. केलात तो माझाच करून घेतलात."

 दादाला वाटलं असणार की मळलेली चादर पाण्यात पडली, आता मळ आपोआप निघेल. मला मात्र झोप लागली नाही. पहिल्यांदाच मला कळलं की थोरलीचं काय जाणार आहे. लोकांना संघातली जागा दिसत होती. पण तिला या घरात आणलं होतं ते त्या जागेसाठी. ती दुसरीला दिली तर मागे काय उरलं, हा हिशोब ती करत असणार.

चषकाच्या शेवटच्या सामन्यात धाकटी खेळली आणि चांगली खेळली. खोटं कशाला बोलू, थोरलीपेक्षा चांगली खेळली. थोरली राखीव खेळाडूंच्या बाकावर सर्वांत अलीकडे बसली होती, मांडीवर टॉवेल. शेवटच्या सेटला बरोबरी झाली, दोन पॉइंट उरले होते. समोरून आलेला बॉल मी काढला, आणि घाण काढला. तो माझ्या कोपराला लागून तिरका उडाला आणि सरळ आमच्या बाकाकडे निघाला. धाकटी धावली. मी जमिनीवर पडल्या पडल्या बघत होते. तिचे ते लांब पाय, ते वळण, हात वर. ती पोचत होती. तिच्या बोटांत आणि बॉलमध्ये थोडंसंच अंतर होतं, तेव्हा थोरली बाकावरून उठली आणि तिने दोन्ही हातांनी बॉल धरला.

अलगद धरला, चादरींचा गठ्ठा धरावा तसा. शिट्टी वाजली. बाकावरच्या माणसाने जिवंत बॉल धरला, पॉइंट समोरच्यांना. पुढचाही त्यांनीच घेतला आणि चषक गेला.

परतताना आम्ही धुलाईघराच्या गाडीत मागे गाठोड्यांवर बसलो होतो. कुणी थोरलीकडे बघत नव्हतं. दादा सगळ्यांना समजावत होता की ही तिची चूक नाही, सवय आहे. इतके दिवस ट्रॉलीपाशी उभी होती, आपल्याकडे आलेला प्रत्येक बॉल मेलेला म्हणून धरत होती, हात आपोआप गेले. खेळ माझा, म्हणून चूकही माझी, असं तो म्हणाला. पटण्यासारखं होतं. दोघी-तिघींनी मानही हलवली. एकीने थोरलीच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने तेवढं गप्प बसायचं होतं, बस्स. पण तिच्या तोंडावर कधी झाकण नव्हतंच.

"सवय-बिवय काही नाही," ती म्हणाली. "बॉल जिवंत आहे हे मला दिसत होतं. ती पोचणार होती. म्हणून धरला."

 दादाने तोंड फिरवलं. धाकटी समोरच्या गाठोड्यावर होती, तिच्या पायावर खरचटलं होतं, ती त्यावर रुमाल दाबत होती. तिने मान वर केली नाही. मला थोरलीचा राग आला, इतका की तिला धक्का मारून गाडीतून उतरवावं. आणि त्याच वेळी असंही वाटलं की तिला सवयीची माफी नको होती. जळायचं तर स्वतःच्या नावाने, उसनं निमित्त घेऊन नाही.

मग घरात अबोला. धाकटी ताई म्हणेनाशी झाली. विचारल्याशिवाय डबे हलवू लागली, आणि झाकण लावताना आवाज करू लागली. चादरींच्या टेबलावर आता तीही झटके द्यायला लागली. मुकादम म्हणाला, या दोघींना वेगळं करतो, नाही तर चादरी फाटतील. पण दोघींनीही, एकमेकींकडे न बघता, नको म्हणून सांगितलं.

सराव पुन्हा सुरू झाला त्या दिवशी शेडमध्ये सगळ्या भिंतीला टेकून होत्या. दादा गळ्यातल्या शिट्टीशी चाळा करत होता, आज कुणाचा खेळ ते त्याला सुचत नव्हतं. इतक्यात कुरकुर ऐकू आली. धाकटी ट्रॉली ढकलत रेघेजवळ घेऊन आली होती. तिने एक बॉल उचलला आणि थोरलीला म्हणाली,

"आज मी टाकणार. तुम्ही उभ्या राहा."

थोरलीने दादाकडे पाहिलं. दादाने शिट्टी तोंडाजवळ नेली आणि खाली सोडली. धाकटीच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं जे महिनाभर मी थोरलीच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. तिला ताईंचे हात हवे होते, ताईंची इतकी वर्षं हवी होती, आणि तो बाकावरचा बॉल परत हवा होता, जो मिळणार नव्हता. थोरली नेटजवळ जाऊन उभी राहिली. तिचे गुडघे आता पूर्वीचे नाहीत. आम्ही बाकीच्या आपापल्या जागी गेलो, मी मागे.

पहिला बॉल नेटमध्ये गेला आणि सरळ खाली घसरला. थोरली वाकली, पण चुकली. दुसरा डोक्यामागून. तो बोटांना लागून निसटला. धाकटी तिसरा हातात घेऊन थांबली, दम घ्या म्हणाल्यासारखी, आणि त्यातही दया नव्हती. थोरलीने तळवे पदराला पुसावेत तसे शर्टाला पुसले.

"हे सगळे माझेच आहेत," ती म्हणाली. "तुझा असेल तो टाक."

धाकटीने टाकला. रेघेच्या खूप पलीकडे, पाइपांकडे. थोरली धावली. इतक्या वर्षांत तिला असं धावताना मी पाहिलं नव्हतं. ती पोचली नाही, पाइपाला धरून उभी राहिली आणि श्वास लागलेला असतानाच तिने पुढच्यासाठी हात केला. तिच्या तोंडावर जे होतं त्याला मी आनंद म्हणणार नाही, पण दुसरा शब्द मला सापडत नाही. तिचा खेळ शेवटी कुणीतरी मांडला होता. मोजायचं काय ते धाकटीनेच ठरवलं होतं.

ते तसंच चालू राहिलं. एक टाकत होती, एक धावत होती, आणि शेडमध्ये बाकी कुणी आहे याची दोघींना शुद्ध नव्हती. माझ्यासाठी दादाने खेळ केला होता तेव्हा तो दोन पॉइंटांचा होता. इतकं मन लावून माझ्यावर कुणी जळलं नाही. मी माझ्या जागी गुडघे वाकवून, हात पुढे करून तयार उभी होते, आणि अंधारून येईपर्यंत माझ्याकडे एकही बॉल आला नाही.